इंदूरकडचं

मधूच्या तोंडाला उंदरांच्या खाण्याचा वास येत होता. उषाने तो ओळखला, आणि ओळखल्यावरही क्षणभर तिला वाटलं की हा आपलाच असेल, आपल्या ओढणीचा, केसांचा, नखांच्या कडांचा; दिवसभर संस्थेतल्या उंदरांच्या खोलीत उभं राहिलं की तो टेम्पोत शेजारी बसून दर्पण कॉलनीपर्यंत सोबत येतोच. पण नाही. ती हात धुवायला गेली तेवढ्यात खुर्चीवरची तिची पिशवी उलटी झाली होती, नव्या पुरवठादाराने दिलेलं नमुन्याचं पाकीट दातांनी फाडलेलं जमिनीवर पडलं होतं, आणि मधू दिवाणावर मांडीवर हात ठेवून बसला होता, देवळात बसावं तसा, हनुवटीच्या घडीत करडा भुगा अडकलेला. "ताई," तो नाकातून म्हणाला, "बिस्किट कडक होतं. पण चांगलं होतं. और है?"

बोटभर लांबीच्या त्या कांड्या. गहू, हरभरा, दुधाची भुकटी आणि मासळीचं पीठ. या घरात संत्र्याची सालसुद्धा उघड्यावर राहत नाही. फ्रिजला साखळी, अलमारीला कुलूप, कचऱ्याच्या डब्याला कुलूप, आणि सगळ्या चाब्या आईच्या कमरेला. हे कायदे उषानेच बसवलेले. पाहुणा आला तर त्याच्या खिशात शेंगदाणे आहेत का हे हसत हसत विचारायचं कामही तिचंच. आणि आज तीच विसरली होती. तिने ओढणीच्या टोकाने मधूची हनुवटी पुसली. तो मऊ, गार, दमट मांसाचा थर बोटांखाली सरकला, सव्वीस वर्षांच्या पुरुषाची ती पोराएवढी बोटं तिच्या मनगटाला चिकटली, आणि तिच्या पोटातून काहीतरी उसळून वर आलं. ती बेसिनकडे धावली. मधूला उलटी होत नाही. जन्मात कधी झालेली नाही. त्याच्या शरीराला खाल्लेलं परत करता येत नाही. सडकं केळं असो, साबण असो, एकदा तर देवघरातल्या वाती. आत गेलं ते गेलं. या घरातल्या उलट्या उषाच्या वाट्याला आल्या होत्या.

"काय गं, काय झालं?" चाब्यांचा आवाज आधी आला, मग आई. तिने पाकिटाकडे पाहिलं, मधूकडे पाहिलं, आणि पदर ओला करून त्याचं तोंड आतून बाहेरून पुसायला लागली, दात, हिरड्या, जिभेखाली बोट घालून सुद्धा. तिच्या चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. उषा टॉवेलात तोंड धरून तिच्याकडे पाहत राहिली. किळस नावाची वस्तू देवाने या बाईला दिलीच नव्हती की तीही तिने कधीतरी सोडली होती, जशी संध्याकाळचं जेवण सोडलं होतं?

"मासळी होती का त्यात?" आईने विचारलं.

"थोडी असते."

"कार्तिकात," आई म्हणाली, आणि तेही तिने आपल्याच पदरात घेतलं. उषाला ते दिसलं. ओला पदर पिळताना आईचे ओठ पुटपुटले, आणि उद्याच्या उपासात आणखी काहीतरी कमी झालं.

आता कमी व्हायला उरलंच काय होतं! मधू अकरा वर्षांचा असल्यापासून आई एकभुक्त होती. या कार्तिकात तिने धान्यच सोडलं होतं. दुपारी वाटीभर भगर आणि ताक, बस. परवा स्वयंपाकघरात ती कोसळली तेव्हा आधी चाब्या फरशीवर वाजल्या, म्हणून कळलं. नई सडकेवरच्या डॉक्टरांनी उषाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बहनजी, या माउलीला दोन्ही वेळ खायला घाला, नाहीतर मला पुन्हा बोलावू नका. औषध नाही यावर माझ्याकडे." आणि आई खाटेवरून म्हणाली होती, "डॉक्टरसाहेब, माझ्या कुशीने जी भूक काढली ती कुणीतरी उपाशी राहून भागवायला नको का? दोन्ही पारडी देवाला दिसतात." डॉक्टर परेशान होऊन निघून गेले होते. उषाला त्या वाक्याची शिसारी आली होती, कारण ते वाक्य आईचं नव्हतं. ते उषाच्या वडिलांचं, आबासाहेबांचं होतं. आईने फक्त त्याला नैवेद्याच्या ताटात ठेवलं होतं.

खोलीतला वास अजून नाकात होता. घरातली खोली नाही, ती, संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाची, जिथे भुसा आणि मूत आणि उकळलेलं पाणी यांचा एक गोडसर आंबूस थर भिंतींवर बसलेला असतो. हैदराबादच्या प्रयोगशाळेतून येताना उषाने तिथल्या उंदरांच्या चार जोड्या आणल्या होत्या, गाडीत मांडीवर पिंजरा धरून, हुंडा आणावा तशा. साधे उंदीर नव्हेत. माणसाच्या पेशीतल्या डीएनएचा एक भलामोठा तुकडा, दोनेक लाख अक्षरांचा, त्यांच्या पूर्वजांच्या बीजात सोडलेला होता. तो तुकडा कुठे जाऊन बसेल हे कुणाच्या हातात नसतं. पडेल त्या जागी पडतो आणि तिथलाच होऊन राहतो. प्रश्न एवढाच, की परक्या मुलखात पडल्यावर त्याला आपण कुणाकडून आलो याची आठवण राहते का. कारण काही जागा अशा असतात की तिथे आईकडून आलेली प्रत मुकी असते आणि बापाकडून आलेलीच बोलते. अक्षरं दोन्हींची तीच. फरक फक्त एका खुणेचा, जी दर पिढीत पुसली जाते आणि नव्याने उमटते: नराच्या बीजात बापाची, मादीच्या अंड्यात आईची. लहानसा तुकडा नव्या जागी गेला की हे सगळं विसरतो, असं इतरांचं बघून झालेलं होतं. मोठा तुकडा आपली आळी, आपलं शेजारपाजार सोबत घेऊन येतो, आणि त्याला आठवत असावं. हे तिने कधीतरी आईला वाती वळता वळता समजावलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, "मग आपल्यासारखंच की गं. एकटा शिपाई दक्षिणेतून आला असता तर कधीच हिंदीत विरघळला असता. आपण कुलदैवत, कीर्तनकार आणि पुरणयंत्र घेऊन आलो." उषाला तेव्हा हसू आलं होतं. आईच्या अशा वाक्यांनी तिचं विज्ञान काही काळ अंघोळ केल्यासारखं स्वच्छ वाटायचं.

आज तसं काही वाटत नव्हतं. आज सकाळीच दौलतसिंह साहेब, संस्थेचा कारभार बघणारे, नाकाला रुमाल लावून खोलीच्या दारात उभे राहिले होते. आत ते कधी येत नसत. "उषाताई, तुमचे चूहे छत्तीसगडला जाणार की मध्य प्रदेशातच राहणार? ऑप्शन भरवून घ्या त्यांच्याकडून!" आणि स्वतःच खो खो हसले. महिन्याच्या सुरुवातीला राज्य दुभंगलं होतं. विभागांची वाटणी चालू होती, माणसं, जीपा, टाइपरायटर, कुणाला रायपूर, कुणाला भोपाळ. कॅन्टीनमध्ये आडनावांच्या आद्याक्षरांवरून भविष्य सांगितलं जात होतं. "खोली महिनाअखेर खाली पाहिजे. दो जोडी रख लो, बाकी डिस्पोज. मी काय करू ताई, वरून आलंय. तुमच्या आबासाहेबांना विचारा, विलीनीकरण कसं असतं ते! त्यांच्या तर घोड्यांची पण वाटणी झाली होती." ते गेले. आणि उषाने बाकीच्यांना काचेच्या पेटीत घालायला सुरुवात केली. वायू सोडल्यावर ते प्रथम उभे राहतात, मग पुढच्या पायांनी तोंड धुतात, घाईघाईने, कुणाकडे तरी जायचं असल्यासारखं, आणि मग कलंडतात. त्यांना पिशवीत ओतताना पिशवी कोमट लागते, मऊ, जड, पुरणाच्या गोळ्यासारखी. हे असलं काहीतरी तिच्या मनात येणारच. स्वयंपाकघरातली एकही चांगली गोष्ट त्या खोलीने उष्टी करायची ठेवली नव्हती.

दुपारी निकाल आला होता. ज्या पिल्लांना तो तुकडा बापाकडून मिळाला त्यांच्यात तो बोलत होता. ज्यांना आईकडून मिळाला त्यांच्यात मुका. त्याला आठवत होतं. परक्या जिवात, परक्या जागी, दोन लाख अक्षरांना आठवत होतं की आपण कुणाच्या हातून आलो. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि त्याचे पुरावे मागच्या कोपऱ्यात पिशवीत थंड होत होते. तिला आनंद झाला नाही. तिला आठवला तो फाल्गुन, जेव्हा तिने याच यंत्रावर, अशाच जेलीच्या थरावर, उंदरांच्या शेजारी एका माणसाचं रक्त चढवलं होतं. स्वतःचं चढवलं तेव्हा दोन पट्ट्या दिसल्या, आईची एक, बापाची एक. मधूच्या रक्तात एकच. आईची. आईची पट्टी जिथे असायला हवी तिथे, ठळक, सरळ. आणि बापाची जागा कोरी.

तेव्हापासून ती हे तोंडात धरून होती. गिळता येत नव्हतं, थुंकता येत नव्हतं. आपल्याला काय कळलं आहे हे तिला पहिल्याच क्षणी कळलं होतं, आणि त्याच क्षणी, आधी मधूची दया यायच्याही आधी, आबासाहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता आणि छातीत एक आंबट, गरम सुख पसरलं होतं. त्या सुखाची तिला इतकी किळस आली की ती महिनोन्‌महिने गप्प राहिली. बहात्तर वर्षांचा म्हातारा. अठ्ठेचाळीस साली संस्थानच्या घोडदळात, रिसाल्यात, कोवळा अधिकारी होता. रियासत विलीन झाली, रिसाला विलीन झाला, घोडे लिलावात गेले. हे वाहतूक खात्यात बाबू झाले. मग पुनर्रचनेत राजधानी भोपाळला गेली, हे तिकडे कुढत गेले आणि निवृत्त होऊन परत आले. "राज्य बदललं, राजधानी बदलली, भाषा बदलली," ते फूलबागेत आपल्या जुन्या मित्रांना सांगत, "एक चीज नाही बदलली." आणि मनगटावरची शीर दाखवत. त्या शिरेशिवाय या माणसाकडे काही नव्हतं. ती कापायची होती.

पण त्या शिरेने आईचं काय केलं होतं? आई इंदूरची. तेव्हाच्या मध्य भारत राज्याची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळी राजधानी इंदूर. "त्या उन्हाळी राजधानीची माणसं," आबासाहेब म्हणायचे, आणि लग्नानंतरची काही वर्षं ती थट्टा होती. मधू झाला तेव्हा तो कापसाच्या पुतळ्यासारखा होता, रडत नव्हता, ओढत नव्हता. आईला दूध होतं. चोळी भिजायची. ती मोरीत उभी राहून पिळून टाकायची आणि नळ सोडायची, दहा वर्षांच्या उषाने दारातून पाहिलं होतं, पांढरं पाणी जाळीत गोल फिरत जाताना. पोराला वातीने थेंब थेंब पाजलं. मग तिसऱ्या वर्षी कुणीतरी त्याच्या आत एक दार उघडून दिलं आणि तो खायला लागला, आणि ते दार पुन्हा लागलं नाही. आणि अकराव्या वर्षी ते देऊळ.

नई सडकेच्या आतल्या गल्लीतलं ते रामाचं देऊळ म्हणजे उषाच्या बालपणातली एकमेव जागा होती जिथे कसलाच वास वाईट नव्हता. बुक्का, तेल, ओल्या सतरंज्या, बायकांच्या अंबाड्यातली शेवंती, सगळं मिळून एकच. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिने पूर्वरंग झोपेत ऐकला होता आणि उत्तररंगाला आई तिला हलवून उठवायची, "ऊठ, आता गोष्ट." बुवा झांजांच्या तालावर एक पाऊल पुढे यायचे, एक मागे, आणि त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की माणसाला आपण पुसून, घडी घालून ठेवलेल्या धुतल्या वस्त्रासारखे आहोत असं वाटावं. त्या दिवशी बुवांनी आख्यान संपवलं, आरती उभी राहिली, आणि मागच्या ओवरीतून एक ओरड आली. प्रसादाच्या शिऱ्याच्या पातेल्यात मधू कोपरापर्यंत होता. पातेलं रिकामं होतं. तूप त्याच्या कानांपर्यंत गेलं होतं, आणि सगळ्या ग्वाल्हेरची मराठी माणसं, जहागीरदारांच्या सुनांपासून पुजाऱ्याच्या आईपर्यंत, निरांजनाच्या उजेडात त्याच्याकडे बघत होती, आणि तो त्यांना म्हणाला, "और है?" आबासाहेबांनी तिथेच, टाळ थांबलेले असताना, खणखणीत आवाजात सांगितलं, "आमच्या रक्तात असं कुणी झालेलं नाही. हे इंदूरकडचं." त्या दिवसापासून मधूला देऊळ बंद झालं. त्या दिवसापासून आईची संध्याकाळ बंद झाली. माहेरही. भाऊ वारला तेव्हाच ती एकदा जाऊन आली.

"काय हो, कसला वास सुटलाय?" आबासाहेब फूलबागेतून परतले होते. काठी कोपऱ्यात उभी केली, टोपी खुंटीला. पाकीट त्यांच्या जोड्याखाली आलं. त्यांनी ते उचलून दूर धरलं, चष्म्याच्या वरून पाहिलं. "हे काय? उंदीर छापलाय याच्यावर."

"बिस्किट," मधू म्हणाला.

"उंदरांचं खाणं आहे, आबासाहेब. माझ्या पिशवीत राहिलं. चूक माझी."

"उंदरांचं खाल्लं?" ते हसले. खरंच हसले, आणि ते हसणं उषाला भुगा खाण्यापेक्षा घाण वाटलं. "वा! शाब्बास. आमच्या आजोबांनी पानिपतच्या कथा सांगितल्या, घोड्याच्या तोबऱ्यातले हरभरे खाऊन लढले पूर्वज. पण उंदरांचं? हे काही आमच्यात नाही, उषाताई. हे तुमच्या मातोश्रींना विचारा. इंदूरकडचं."

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ओला पदर धरून उभी होती. तिने मान खाली घातली, सवयीने, कीर्तनात देवाचं नाव आलं की घालतात तशी. आणि तिच्या गळ्याखालच्या खळग्यात, जिथे पूर्वी मांस होतं, तिथे ठोका उडताना उषाला दिसला.

"आबासाहेब," ती म्हणाली, "मी फाल्गुनात मधूचं रक्त तपासलं होतं."

"कशाला?"

"ऐका. आपल्या प्रत्येकात दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. या एका जागी आईची प्रत सगळ्यांचीच गप्प असते. तुमच्यात तुमच्या मातोश्रींची गप्प आहे, माझ्यात आईची गप्प आहे. बोलते ती वडिलांची. मधूत वडिलांची नाहीच. आईकडून यायचं ते आलंय, नीट आलंय. तुमच्याकडून यायला हवं होतं ते आलं नाही. म्हणून त्याची भूक मिटत नाही. इंदूरकडचं काहीही नाही यात. कधीच नव्हतं."

वाक्यं तोंडपाठ होती. न्हाणीघरात, टेम्पोत, पिंजऱ्यांसमोर घोकलेली. बोलताना ती आपल्या आवाजातली धार ऐकत होती आणि ती धार तिला आवडत होती आणि त्या आवडण्याने तिच्या जिभेवर गंज चढत होता. कुणाचाच दोष नाही, हे पुढचं वाक्य होतं. बीज घडताना एक तुकडा निसटतो, चुकून, कुणाच्याही बाबतीत निसटू शकतो. ते वाक्य तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आणि आता ते ओठांवर येईना.

आबासाहेब बसले. काठी नव्हती, म्हणून हात मांडीवर नुसताच मूठ वळून राहिला. मग ते हळू म्हणाले, "म्हणजे आमचं याच्यात नाही."

"त्या जागी नाही."

"अजिबात नाही?"

"नाही."

आणि त्यांचा चेहरा उजळला. उषाने तो उजळताना पाहिला, आतून दिवा लावल्यासारखा, सुरकुत्यांच्या कडा आधी, मग डोळे. "तेच तर मी सांगतोय इतकी वर्षं!" ते उभे राहिले. पाठ सरळ झाली, रिसाल्यातल्या अधिकाऱ्याची. "आमचं असतं तर हा असा झाला असता का? तुम्ही सायन्सवाल्या, तुम्हीच सांगा. एवढासा, नखाएवढा तुकडा आमचा नाही, तर पोराची ही दशा! मग जे आहे ते काय रक्त असेल, विचार करा. याच्यात जे काही आहे ते सगळं ह्यांचंच. मी निराळं काय म्हणत होतो? चहा टाका हो कुणी. फूलबागेतल्या संभाजीरावांना सांगतो उद्या, लॅबमध्ये सिद्ध झालं."

"आबासाहेब, कुणाचा दोष..."

"दोष कसला? जे दिलंच नाही त्याचा दोष माणसाला कसा लागेल?" ते म्हणाले, आणि मधूच्या डोक्यावर, जन्मात प्रथमच म्हणावं इतक्या प्रेमाने, टपली मारली. परक्याच्या पोराला मारावी तशी.

उषाच्या तोंडात पाणी सुटलं, उलटीआधी सुटतं ते. हाच का तो निकाल, जो तिने नऊ महिने पोटात वाढवला? तिला आपल्या पट्ट्यांची, आपल्या दोन लाख अक्षरांची, कोमट पिशवीची, साऱ्या समजुतीची शिसारी आली. खरं हे असं असतं. हातात द्या, माणूस त्याचा आपल्या आकाराचा लाडू वळून खातो.

"उषा." आई उंबऱ्यावरच होती. "त्यांची प्रत नाही म्हणालीस. मग तिथे काय आहे? भोक?"

"काहींच्यात भोक असतं."

"आणि काहींच्यात?"

उषाला सांगायचं नव्हतं. ते तिच्या निकालात बसत नव्हतं, तिच्या पट्टीवर ते कळतही नव्हतं. "काहींच्यात आईचीच दोनदा येते. वडिलांची मागे राहते, आणि दोन्ही प्रती आईच्याच. पट्टी एकच दिसते. मधूचं कुठलं ते मला सांगता येणार नाही."

"दोनदा," आई म्हणाली.

"असू शकतं, एवढंच म्हणाले मी."

"माझ्याकडून. दोनदा." ती तिथेच, उंबऱ्यावरच बसली, शुभ वेळ असो नसो. ओला पदर मांडीवर पसरला. तिच्या डोळ्यांसमोर काय होतं ते उषाला माहीत होतं: मोरीची जाळी, गोल फिरत जाणारं पांढरं पाणी. "मी समजत होते, मी याला काही दिलंच नाही," आई म्हणाली. "दोनदा गं! कुणाला देतं का कोणी दोनदा?" आणि ती हसायला लागली, पदर तोंडाशी न धरता, दात पडलेली जागा दाखवत. कपडे बदलायला आत गेलेल्या आबासाहेबांनी विचारलं, काय झालं. आई हसतच राहिली.

त्या संध्याकाळी आईने स्वतःचं ताट मांडलं. पोळी, डाळ, वांग्याची सब्जी, आणि झाकून ठेवलेला गूळ. कार्तिक तिने कुठे ठेवला कोण जाणे. उषा समोर बसली होती. याच क्षणासाठी तिने तोंड उघडलं होतं, आणि आता तो क्षण समोर वाढलेला होता, आणि तिला बघवेना. आई भराभर जेवत होती. घास संपायच्या आत दुसरा, मान ताटावर झुकलेली, डाळ हनुवटीला, बोटं चाटताना आवाज, आणि मधूच, हुबेहूब मधू, त्या सुकलेल्या तोंडातून चावत होता. उषाने डोळे भिंतीला लावले. तेव्हा तिला कळलं की आईला भूक लागत नव्हती असं नाही. इतकी वर्षं रोज संध्याकाळी ती लागत होती.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, सप्ताहाचा शेवट, काल्याचं कीर्तन. आई निघाली ती मधूला नवा सदरा घालून, त्याचा हात धरून. चाब्या घरीच खिळ्याला टांगलेल्या. "आई, अगं तिथे खाणं असतं," उषा म्हणाली. "काल्याला खाणं नसेल तर काय असेल, वेडे," आई म्हणाली. आबासाहेब आधीच पुढे जाऊन पुरुषांत बसले होते. ते संभाजीरावांना मनगट दाखवत होते.

तोच बुक्का, त्याच ओल्या सतरंज्या. मधू आत आला तसं बायकांच्या रांगेत पातळं आवरली गेली, मग पुन्हा सैल झाली. नवे बुवा होते, तरुण, पण तेच एक पाऊल पुढे आणि एक मागे. ते सांगत होते की गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, कुणाची आंबलेली भाकरी, कुणाचं ताजं लोणी, आणि देवाने त्यात हात घातल्यावर कुणाची कुठली ते कळेना. आणि वर देवांच्या तोंडाला पाणी सुटलं, यमुनेत हात धुतील तेव्हा उष्टं तरी मिळेल म्हणून ते मासे होऊन आले. "आणि देवाने काय केलं? हात धुतलेच नाहीत! घोंगडीला पुसले!" लोक हसले. आई हसली. मधू हसला, जरा उशिरा. उषा हंडीकडे बघत होती. प्रत्येक घरून आलेलं त्यात पडलं होतं, लाह्या, दही, डाळिंबं, लिंबाचं लोणचं, कुणाचे भिजलेले पोहे, आणि पुजारी कोपरापर्यंत हात घालून ते ढवळत होता, दह्यात त्याच्या हातावरचे केस दिसत होते. तिने श्वास तोंडाने घ्यायला सुरुवात केली.

झांजा वाढल्या आणि काला वाटला गेला. काला आपण होऊन आपल्या तोंडात घालायचा नसतो, आधी शेजाऱ्याला भरवायचा. मधूच्या मुठीत मोठा गोळा आला. तो त्याच्याकडे बघत राहिला. दही कोपरावरून सदऱ्यात जात होतं, ओठ पुढे येत होते आणि मागे जात होते. देऊळभर लोक भरवत होते आणि खात होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून त्याच्याकडे बघत होते. मग त्याने अर्धा गोळा तोंडात कोंबला. राहवलं नाही. कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. पण उरलेल्या अर्ध्यावर त्याची मूठ मिटली, आणि ती मूठ, चघळत चघळत, आईच्या तोंडाशी गेली. आईने आ केला. आणि मग, गाल फुगलेला, डोळ्यांत अन्न दूर जात असल्याचं खरंखुरं दुःख, तो उषाकडे वळला.

"ताई, तूने बिस्किट दिया था ना," तो म्हणाला. "घे."

त्याच्या बोटांच्या बेचक्यांत दही होतं, तुटलेली लाही होती, नखाखाली अजून करडा भुगा होता. जवळ आल्यावर वास आला: लोणचं, घाम, आणि त्याखाली, धुऊन न गेलेलं, मासळीचं पीठ. उषाने तोंड उघडलं. आंबट, खारट, कोमट. बोटं जिभेवर पुसली गेली. घास घशाशी गेला आणि तिथून परत वर आला. तिने हाताने तोंड दाबून धरलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने तो गिळला. मधू तिच्या गळ्याकडे लक्ष देऊन बघत होता. बाजूला झांजा चालू होत्या. घास दुसऱ्यांदा वर आला. तिने तो दुसऱ्यांदाही गिळला.